गाडीखालची मथुराकाकी

मथुराकाकीच्या अंगाला कुजक्या अंड्यांचा वास यायचा. विहिरीवर बायका तिला जागा करून द्यायच्या त्या मानानं नव्हे, नाकं मुरडून. तो वास तिचा नव्हता, तिच्या नवऱ्याच्या गाडीतल्या गिअर ऑइलचा होता. आमचं घर त्यांच्या परड्याला लागून, म्हणून मला सगळं ठाऊक. नवऱ्याचं नाव गुरुदास. त्याला मी काका म्हणत नाही, हे आधीच सांगून टाकते.

गुरुदास आगबोटीवर तेलवाला होता. इंजिनाला तेल देत राहायचं, हे त्याचं काम. तिथे घसरून कमरेत मार बसला आणि तो मसुऱ्याला परतला, तो एक जुनी, बुटकी, शेवाळी रंगाची मोटार घेऊन. छप्पन-सत्तावन सालची गोष्ट. आमच्या बाजूला भाड्याची गाडी तेवढी एकच, त्यामुळे नवरदेव म्हणू नका, आजारी म्हणू नका, मुंबईकर म्हणू नका, सगळे त्याच्या दारात. तो मिशीला पीळ देऊन सांगायचा, "माझ्या मशिनीक दुसऱ्याचो हात लागाचो नाय. तेल मीच बदलतंय. म्हणान घाटात लोकांचे गाडये रडतत नि माझी गाता."

साफ खोटं. त्याला वाकून पायातली वहाण उचलता येत नव्हती, तो गाडीखाली काय जाणार? गाडीखाली मथुराकाकी जायची.

आधी तो गाडी बाजारापर्यंत फिरवून आणायचा, कारण तापलेलं तेलच मळ घेऊन बाहेर येतं. मग चाकं चिऱ्यांवर चढवायची आणि काकीनं उताणं सरपटत आत शिरायचं. गिअरबॉक्सच्या तळाचं बूच फिरवलं की काळं, चटका देणारं तेल तिच्या हातावरून खाली टोपात पडायचं. ते संपलं की बूच परत लावायचं. मग गुरुदास वर बसून, पायाखालची पत्र्याची झाकणी काढून नवं तेल ओतायचा. ह्या गिअरच्या पेटीच्या कुशीला, म्हणजे बाजूला, आणखी एक भोक असतं. तेल तिथवर चढून ओघळू लागलं, की पेटी भरली. ते बघायचं काम काकीचं.

"इला काय गो?" तो वरून ओरडायचा, म्हणजे तेल भोकापर्यंत आलं का.

"इला," खालून तिचा आवाज. मग तिनं कुशीचं बूच आवळायचं. एरवी तपासायचं झालं तर त्याच भोकात करंगळी घालायची. ओली निघाली तर ठीक, कोरडी निघाली तर शिव्या. तिच्या हातावर मनगटापासून कोपरापर्यंत भाजल्याचे डाग होते. पाहुण्यांनी विचारलं तर हा हसून सांगायचा, "रांधताना धांदरटपणा, दुसरा काय?"

आणि त्या गाडीत ती कधी बसली नव्हती. शिटांवरचे पांढरे अभ्रे तीच धुवायची, तीच ताठ बसवायची, पण बसायची तिला बंदी. आंगणेवाडीच्या जत्रेला गुरुदास अख्खा गाव भराडीदेवीच्या दारात नेऊन सोडायचा, आणि काकी ओटीचा नारळ पदराखाली धरून चालत जायची. तिचं मागणं फार नव्हतं. माहेर तोंडवलीला. म्हातारी आई तिथे. एकदा, फक्त एकदा, आईच्या दारात गाडीतून उतरायचं. म्हातारीलाही तेवढंच बघायचं होतं.

एका सकाळी माहेराहून गडी सांगायला आला, म्हातारीचं काही खरं नाही. त्याच दिवशी तेल बदलायचं होतं. काकी म्हणाली, "आवशीक बरा नाय. माका तोंडवलेक सोडशात?"

"आधी तेल. मगे काय ता बघूया."

ती मुकाट्यानं खाली शिरली. सगळं उरकून बाहेर आली, हात पुसले आणि गाडीच्या दाराला हात घातला. गुरुदासनं तिच्या लुगड्याकडे बघितलं. "ह्या अवतारात? माझी शिटां नासतली!" आणि आचऱ्याचं भाडं घेऊन तो गेला. आचरा तोंडवलीच्याच वाटेवर. काकी चालत निघाली. परत येताना तो तिला समोरून भेटला आणि बाजूला हो म्हणून त्यानं भोंगा वाजवला. माणूस म्हणायचं का ह्याला?

ती पोचली तेव्हा लोक मसणातून परतत होते. भावजय म्हणाली, "म्हातारी सारखी इचारी होती, माझा मथुरा इला काय गो?"

काकी दिवस घालून परत आली, आणि पूर्वीपेक्षा निमूट वागू लागली. गुरुदासला वाटलं, बरी वळणावर आली.

पुढे कट्टा गावच्या एका व्यापाऱ्याला बायको-मेव्हण्यांसकट आंबोलीमार्गे बेळगावला न्यायचं ठरलं. घाट चढायचा म्हणून गुरुदासनं पुन्हा तेल बदलायला काढलं. काकी खाली गेली. जुनं तेल काढलं, तो टोप बाजूला सारून दुसरा ठेवला. तळाचं बूच मात्र तिनं लावलंच नाही. हातात धरून पडून राहिली. गुरुदास वरून नवं तेल ओतत होता आणि ते पेटीतून सरळ खालच्या टोपात उतरत होतं. डबा रिकामा झाला.

"इला काय गो?"

"इला," काकी म्हणाली आणि मग दोन्ही बुचं घट्ट आवळली.

त्या दिवशी ती कुंपणाच्या मेढींना वाळवीसाठी तेल लावत होती. जुनं काळं तेल ती नेहमीच लावायची. पण ह्या खेपेस एका बाजूच्या मेढी मधासारख्या चमकत होत्या. मी बघितलं आणि गप्प बसले.

आंबोलीच्या घाटात गाडी गायली नाही, किंचाळली. मग दातावर दात चढून जागच्या जागी थिजली. वर आंबोलीचा पाऊस. व्यापाऱ्याची बायको चिखलात उभी राहून सगळ्यांदेखत गुरुदासचा उद्धार करत होती. लाकडाच्या लॉरीनं ओढून गाडी सावंतवाडीला आणली. मिस्त्रीनं कुशीचं बूच काढून बोट घातलं, ते कोरडं निघालं.

"तेल कोणी घातलं होतं?" त्यानं विचारलं.

सगळे गुरुदासच्या तोंडाकडे बघत राहिले. बायकोनं म्हणावं तर इतक्या वर्षांची फुशारकी मातीत जाते. तो म्हणाला, "मी."

मग काय, गावाला विषयच मिळाला. तेलवाल्याच्या गाडीत तेल नाही! तो रस्त्यानं निघाला की पारावरून कोणीतरी म्हणायचं, "तेल गेला, तूप गेला," आणि बाकीचे पुढचं धुपाटणं पुरं करायचे. काकीनं इतकी वर्षं तोंड दाबून बुक्क्यांचा मार खाल्ला होता, आता त्याची पाळी होती. मला मनापासून आनंद झाला.

घरात मात्र त्यानं एकदा तिला धरलं. मी परड्यात होते, स्पष्ट ऐकलं. "तूच सांगलंस ना, इला म्हणान?"

"इला होता," काकी म्हणाली. "टोपात."

त्यानं हात उगारला असेल, पण कमर वळली नाही. ती पुढे कधी वळलीच नाही. तो ओटीवर खाटेला खिळला आणि समोर फणसाखाली गाडी, तिच्यात कोंबड्या.

काकी रोज दिवेलागणीला कोंबड्या हाकलायची, अभ्रे झटकायची, आणि धुतलेलं लुगडं नेसून मागच्या शिटावर जाऊन बसायची. दार लावून घ्यायची आणि ओटीकडे बघून म्हणायची, "चला. तोंडवलेक जावचा आसा." तो भिंतीकडे तोंड फिरवायचा. मग त्याच्या पेजेची वेळ व्हायची. तो हाका मारायचा, आधी दरडावून, मग रडकुंडीला येऊन.

काकी शिटावरून हलायची नाही. "आधी तेल," ती म्हणायची. "मगे काय ता बघूया."