एकसारखे बगळे

रोह्यात मी घरीच ग्रीटिंग कार्डं बनवते. वाढदिवस, बारसं, डोहाळजेवण, ईद, कंपनीतल्या कुणाची निवृत्ती. कुणी फोनवर सांगतं, मी करून देते. लोक म्हणतात, काय सुंदर हात आहे तुमचा. मी हसून घेते. त्या कार्डांमधला खरा हात माझ्या थोरल्या बहिणीचा होता, हे मी कुणालाच कधी सांगितलं नाही.

ताई पेणला असते. लग्नाआधीपासून ती गणपतीच्या कारखान्यात आखणी करते, म्हणजे मूर्तीचे डोळे रंगवते. आमचे वडील मिठागरावर कामाला होते. शाळा सुटली की आम्ही दोघी त्यांच्यासाठी भाकरी घेऊन बांधावरून जायचो. तिथे उथळ पाण्यात उभे असलेले बगळे ताई बघत राहायची, आणि घरी आल्यावर जुन्या वहीच्या पुठ्ठ्यातून तसाच बगळा कापायची. आधी पेन्सिलने काढायची नाही. कात्रीचा हात जागच्या जागी आणि कागद तेवढा फिरत राहायचा. एखाद्याची मान आखडलेली, एखादा मासा दिसल्यासारखा पुढे वाकलेला. मीही प्रयत्न करायचे. माझ्या बगळ्याचं बदक व्हायचं.

लग्न होऊन मी रोह्याला आले. मुलगी शाळेत जायला लागली तेव्हा तिच्या बाईंसाठी एक कार्ड केलं आणि त्यावर ताईचा एक बगळा चिकटवला. ते बघून दोघीतिघींनी मागितलं, मग नदीपलीकडच्या अष्टमी गावातल्या एका दुकानदाराने चार कार्डं मांडायला ठेवली. असं ते वाढलं. ताई मिठाईच्या रिकाम्या खोक्यात आकार भरून द्यायची: बगळे, खेकडे, शेवग्याची डहाळी. मी रंगीत जाड कागद घडी घालून ते चिकटवायचे, खाली दोन ओळी लिहायचे. तिने कधी काही मागितलं नाही. कार्ड कुणाला गेलं, त्यांना काय वाटलं, एवढं मात्र ती प्रत्येक वेळी विचारायची.

गणपतीच्या आधीचे महिने तिला मान वर करायला फुरसत नसायची. तेव्हा माझं काम अडायचं. म्हणून मी आकार कापायचं छोटं मशीन घेतलं. त्यात डाय नावाचा पोलादी साचा असतो, त्याची कड धारदार. त्यावर कागद ठेवायचा, दोन प्लेटांमध्ये दाबून हँडल फिरवायचं, की आकार सुटून येतो. मशीनबरोबर फुलपाखरं आणि बदामाचे आकार आले होते. पण तसली कार्डं सगळीकडे मिळतात. लोक विचारू लागले, तुमचा तो पक्षी नाही का?

मुंबईत एकजण हव्या त्या आकाराचे डाय बनवून देतो असं कळलं. मी ताईच्या खोक्यातला सगळ्यात चांगला बगळा निवडला, शेवग्याची एक डहाळी निवडली, फोटो काढले आणि पाठवून दिले. त्याच दिवशी ताईशी अर्धा तास फोनवर बोलले. आईचे गुडघे, भाचीची परीक्षा, सगळं झालं. हे तेवढं राहून गेलं, असं मी पुढे कितीतरी दिवस स्वतःला सांगत होते. राहून काही गेलं नव्हतं. मी ते बोललेच नव्हते.

डाय आल्यावर तासाभरात शंभर बगळे पडू लागले. ताईची खोकी येतच होती. मी ती कपाटात वर ठेवत गेले. कार्डं कुणाला गेली हे ती विचारायची तेव्हा मी नावं सांगायचे, आणि त्या कार्डांवरचे बगळे तिनेच कापलेत असं तिला वाटू द्यायचे.

मग पेणला बायकांच्या बचत गटांचं प्रदर्शन भरलं. मी टेबल घेतलं. ताई कारखान्यातून सुट्टी काढून मदतीला आली, नवी साडी नेसून. मी पिशवीतून कार्डं काढून देत होते, ती ओळीने मांडत होती. मांडता मांडता थांबली. एक कार्ड उचललं, मग शेजारचं, मग तिसरं. बोटाने कड चाचपून पाहिली.

"सगळ्यांची मान सारखीच हाय गो," ती म्हणाली.

मी सांगितलं की तुझ्याच बगळ्याचा डाय करून घेतला, तुझा त्रास वाचला. मी हे इतक्या घाईने बोलले की माझं मलाच खोटं वाटलं. तिने मान हलवली आणि उरलेली कार्डं मांडली. दिवसभर ती माझ्या शेजारी बसून होती. गिऱ्हाइकांना पिशव्या भरून देत होती, माझ्यासाठी चहा आणत होती. दुपारी एका बाईंनी कार्ड हातात घेऊन विचारलं, ही कलाकारी कुणाची? मी तोंड उघडायच्या आत ताई म्हणाली, "माझ्या धाकट्या बहिणीची."

मला तिथेच बोलता आलं असतं. मी त्या बाईंना किंमत सांगितली.

त्यानंतर खोकं आलं नाही. मीही मागितलं नाही. फोन पूर्वीसारखेच होत होते, पण कार्डांबद्दल ती विचारेनाशी झाली. दोन वर्षांनी भाचीचं लग्न ठरलं. पत्रिका मीच करणार असं मी धरून चालले होते, कागदसुद्धा आणून ठेवला होता. एक दिवस पोस्टाने पत्रिका आली, छापखान्यातली, सोनेरी गणपतीची. मी फोन केला तर ताई म्हणाली, तुला कशाला त्रास.

लग्न पार पडल्यावर मी पेणला गेले. वाटेत नागोठण्यापर्यंत काय बोलायचं ते जुळवत होते, पुढे तेही सुचेना. दोन्ही डाय तिच्यापुढे ठेवले आणि म्हटलं, ताई, चुकलं माझं, मी तुला विचारायला पाहिजे होतं.

तिने बगळ्याचा डाय हातात घेऊन उलटसुलट पाहिला. रागावली नाही. ती रागावली असती तर बरं झालं असतं.

"डाय वाईट नाय," ती म्हणाली. "इचारलं असतंस तर मी आले असते तुझ्यासंगती मुंबईला. लोखंडात माझा बगळा कसा करतात, ते मला बघायचं होतं."

ताईने भात वाढला, वालाची उसळ वाढली, जाताना पापडांचं पुडकं दिलं. दोन्ही डाय आठवणीने माझ्या पिशवीत घातले.

मी बगळ्याचं कार्ड बंद केलं. गिऱ्हाइकांनी दोनतीनदा विचारलं आणि मग फुलपाखरं घ्यायला सुरुवात केली. कपाटात वर ठेवलेली खोकी उघडून पाहिली तेव्हा काही बगळ्यांच्या चोचींना कसर लागली होती.

गेल्या दिवाळीत भाची बाळाला घेऊन माहेरी आली होती, तेव्हा मी भेटायला गेले. बोलता बोलता मी तिला विचारलं, आईने कापायचं सोडलंच ना? भाची जरा घुटमळली. मग म्हणाली, "नाही मावशी, बाळासाठी रोज कापते. तू येणार असलीस की आवरून ठेवते."

ताई स्वयंपाकघरात होती. मी बाळाला मांडीवर घेतलं आणि चहा होईपर्यंत भाचीशी काहीबाही बोलत राहिले.