उपासाचं मीठ

हे लिहावं की नाही, अजून कळत नाही.

माझ्या वडिलांच्या, आबांच्या पायांवर सूज आली तेव्हा मी कॉलेजच्या पहिल्या वर्षाला होतो. घरात दुसरं कुणी शिकलेलं नव्हतं, म्हणून त्यांना दवाखान्यात मीच नेलं. तिथं पथ्यपाणी सांगायला एक बाई होत्या.

"मीठ पूर्ण बंद," त्या म्हणाल्या. "पण एकदा घरी येऊन स्वयंपाक बघायला हवा. परवा आमची जीप भूमकडं जाणार आहे. तुमच्या गावापर्यंत येईल ना?"

धुरानं काळी पडलेली आमची एकच खोली माझ्या डोळ्यांपुढं आली. तिथंच चूल, तिथंच आबांचं अंथरूण, कोपऱ्यात शेळी.

"नाही बाई, रस्ता नाही," मी म्हणालो.

निवडणुकीत जीप थेट आमच्या देवळापर्यंत आली होती.

बाईंनी कागदावर 'मीठ बंद' एवढं लिहून दिलं.

आईनं मिठाचं मडकं त्याच दिवशी शेजारी नेऊन दिलं. आबांनी दोन दिवस भाकरीला हात लावला नाही. "बैलाला तरी पेंड मिळती," ते म्हणाले. "म्या काय पाप केलं?"

तिसऱ्या दिवशी आईनं हळूच विचारलं, "लेकरा, कागदात शेंदेलोणाचं काय लिवलंय?"

"काहीच नाही."

"मग चालतंय की. एकादशीला आपण मीठ खात न्हाय, शेंदेलोण खातोच."

मला ठाऊक नव्हतं. पण कॉलेजात जाणाऱ्यानं 'ठाऊक नाही' कसं म्हणायचं? "चालत असेल," मी म्हणालो आणि दुसऱ्या दिवशी कॉलेजला परतलो.

पंधरा दिवसांनी घरी आलो. आबा भिंतीला टेकून बसले होते; आडवं झालं की दम लागायचा. डोळे सुजून बारीक झाले होते. मला बघून ते हसले.

"आता जेवान गोड लागतंय रं. दोन भाकरी खातो."

मी त्यांच्या नडगीवर अंगठा दाबला. खड्डा पडला. बराच वेळ बघत राहिलो, तो भरेना.

चुलीपाशी आई वरवंट्यानं शेंदेलोणाचा गुलाबी खडा फोडत होती. त्यातली चिमूट मी जिभेवर ठेवली. खारट. मिठाइतकीच खारट.

"काय झालं रं?" आई म्हणाली.

मी तसाच चपला घालून फाट्याकडं निघालो. बाईंना काय सांगायचं ते वाटेत जुळवत होतो. खरं तर एवढंच सांगायचं होतं, जीप येते. मागून आबांचा खोकला ऐकू येत होता. मी देवळापाशी पोचलो तेव्हा तो थांबला, आणि मी पळायला लागलो.