ठाम की हट्टी

शब्दकोशाच्या कार्यालयात तिला पाठीमागे सगळे ‘पूर्णविराम’ म्हणत. ती बोलली की विषय संपला, म्हणून. बावीस वर्षं ती तिथे इंग्रजी शब्दांचे मराठी अर्थ लिहीत होती आणि एकदा लिहिलेला अर्थ तिने खोडलेला कोणी पाहिला नव्हता.

त्या मंगळवारी तिच्याकडे ‘ॲडमंट’ हा शब्द आला. तिने शब्दाच्या चिठ्ठीवर अर्थ लिहिला: ठाम, कितीही समजावलं तरी मत न बदलणारा. खाली टीप: सळई ‘रिजिड’ असते, ‘ॲडमंट’ मात्र माणूसच असतो. उदाहरण झरझर लिहून गेली, ‘आईला बहिणीकडे पाठवायचं नाही, यावर ती ॲडमंट होती.’

संपादक चिठ्ठी घेऊन तिच्या टेबलापाशी आले. “बाई, अर्थ ‘ठाम’ दिलाय, पण उदाहरणातली बाई सरळसरळ हट्टी वाटते.”

“तिला कारण होतं,” ती म्हणाली. “बहीण तिसऱ्या मजल्यावर राहते. आईचे गुडघे गेलेले.”

संपादक गोंधळून चिठ्ठी उलटसुलट करून बघू लागले. “हे कुठे लिहिलंय?”

तिचा चेहरा उतरला. ते गेल्यावर ती बराच वेळ पेनाचं टोपण काढत-लावत बसली. सात वर्षांपूर्वी आई म्हणाली होती, “महिनाभर धाकटीकडे राहून येते गं.” आईला उचलून न्यायला धाकटी खुर्ची आणि दोन शेजारी घेऊन आली होती. हिने त्यांना दारातूनच परत पाठवलं. दोन महिन्यांत आई गेली. त्यानंतर बहिणींचं बोलणं बंद झालं आणि तीन खोल्यांत ही एकटी उरली.

तिने ‘ठाम’पुढे ‘हट्टी’ जोडलं, उदाहरणात आई-बहिणीऐवजी जबानीवर अडून राहिलेला एक साक्षीदार घातला आणि जेवणाच्या सुट्टीत जिन्याखालच्या फोनवरून धाकटीचा नंबर फिरवला.

“कोण?”

“मी.”

“थांब ताई, दूध उतू जातंय.”

ती रिसीव्हर कानाला लावून उभी राहिली. भांड्याचा आवाज आला. मग धाकटी म्हणाली, “बोल.”

“आईला तुझ्याकडे पाठवायला हवं होतं. चुकलंच माझं.”

“खिडकीपाशी खाट लावून ठेवली होती मी तिच्यासाठी,” धाकटी म्हणाली. “ती गेल्यावरसुद्धा कितीतरी दिवस हलवली नाही. आता चुकलं म्हणून काय उपयोग?”

“काहीच नाही.”

“ये असं नाही म्हणणार मी. इतक्यात नाही जमायचं.” मग तिने विचारलं, “जेवलीस का?”

“जेवायचंय.”

“मग जेव आधी.” फोन ठेवला गेला.

तेव्हापासून दर रविवारी दुपारी ती धाकटीला फोन करते. कधी गुडघेदुखीवर, कधी पाण्याच्या वेळांवर दोन-चार मिनिटं बोलणं होतं. पुष्कळदा पलीकडे कोणी उचलतच नाही. मग ती रेडिओ लावते आणि आठवड्याच्या साड्यांना इस्त्री करायला घेते.