वैशाखातला फ्लॉवर

सकाळी वाफ्यात वाकले, तर पानांच्या आत मुठीएवढा पांढराशुभ्र गड्डा दिसला. आमच्या जळगावात, भर वैशाखात! उन्हाळी संकरित बी पेरलं तेव्हा धाकटा दीर बांधावर उभा राहून हसला होता. “वहिनी, इथं नुसता पाला येईल.” पुढे माझ्या पाळीचं पाणीही त्यानं आपल्या केळीकडे वळवलं. मी गोणपाटाची सावली करून, कळशीनं पाणी घालून रोपं जगवली. उन्हाचा मला राग नाही. ते कुणाला निवडून जाळत नाही; माणसं जाळतात.

दुपारी तोच पिशवी घेऊन आला. “पाहुणे आलेत, दोन गड्डे द्या.”

“नाही.”

“वहिनी, राग धरलात?”

“धरला,” मी म्हणाले, आणि त्याच्यादेखत पानं गड्ड्यावर ओढून सुतळीनं घट्ट बांधली.