एसीचा खटका

सकाळी आम्ही दोघं ऑफिसला निघताना मी दाराजवळच्या बोर्डातला एसीचा खटका खाली करून एसी बंद करायचो. बायकोला दिसू नये म्हणून बुटाची लेस बांधत मागे रेंगाळायचो. घरात मग फक्त आई उरायची.

आमचं घर भाईंदर पूर्वेला, शेवटच्या मजल्यावर. डोक्यावर थेट गच्ची. वडील गेल्यावर आई काशीगावहून आमच्याकडे आली. जन्म शेतात आणि मिठागरात गेलेला, तिला उन्हाचं काय, अशी मी माझी समजूत घातली होती. तिला म्हणालो, "दुपारी एसीला विसावा द्यावा लागतो, नाहीतर जळतो." ती "बरं" म्हणाली.

संध्याकाळी तापलेल्या घरात शिरलो की मी तोच जुना एसी अठरावर लावायचो. खोली गार व्हायचं नाव घ्यायची नाही. बिल काही उतरेना, आणि मी मनातल्या मनात आईच्या गीझरला बोल लावायचो.

मे महिन्यात एके दिवशी ऑफिस दुपारीच सुटलं. घराला कुलूप. समोरच्या गुजराती आजींचं, म्हणजे बांचं, दार उघडं होतं. आत गारव्यात बसून आई त्यांच्याबरोबर वाल सोलत होती.

"आओ भाई," बा म्हणाल्या. "तुम्हारा एसी कब ठीक होगा? मांजी बोलती हैं, पार्ट नहीं मिलता. पूरी सोसायटी में तुम्हारा ही एसी ऐसा लाटसाहब है?"

आईने वर पाहिलं नाही. "पार्ट मिळत न्हाय ना रे अजून?" तिने मलाच विचारलं.

मी "नाही" म्हणालो. रोज दुपारी दुसऱ्याच्या घरी जाऊन बसायची वेळ मी तिच्यावर आणली होती, आणि तीच माझी अब्रू राखत होती.

घरी आल्यावर ती पिशवीत लुगडी भरू लागली. "मी जाते गावाला. बांना तरी किती दिवस तरास द्यायचा? चुलतभावाकडं राहीन."

आता गप्प राहिलो तर ती परत यायची नाही, हे मला कळत होतं. मी खटक्याचं सगळं सांगून टाकलं. बिलाच्या धाकाने केलं, हेही.

"मला पयल्याच आठवड्यात कळलं," ती म्हणाली. "वर केला की चालू होतो, तेवढं कळतं मला. पन तू बंद करून जातोस म्हंजे तुला काहीतरी अडचन असंल. मग मी कशाला हात लावू?"

मला अडचण कसलीच नव्हती. होता तो चिक्कूपणा. तेही सांगितलं. ती म्हणाली, "बापावर गेलास," आणि पहिल्यांदाच हसली. पिशवी मात्र तशीच भरलेली राहिली.

रात्री बायकोलाही सांगितलं. तिने दोन दिवस अबोला धरला. मग म्हणाली, "वाचवायचंच आहे ना, तर नीट वाचवू." जुना एसी काढून इन्व्हर्टरचा घेतला. सोसायटीच्या परवानगीने गच्चीला पांढरा रंग लावला. पश्चिमेच्या खिडकीला जाड पडदा आला, तो ऊन फिरायच्या आत ओढायचं काम आईने स्वतःकडे घेतलं. एसी सव्वीसवर, वर पंखा हळू. दर पंधरवड्याला एसीची जाळी धुवायची, ते काम माझं. गीझरही आता अंघोळीपुरताच लागतो.

नव्या एसीचं पहिलं पूर्ण बिल आलं, ते मी दोनदा वाचलं. दुपारभर एसी चालूनही आकडा आधीपेक्षा कमी होता. मी ते आईपुढे धरलं. तिला त्यातलं वाचता येत नाही. "कमी हाय?" एवढंच तिने विचारलं. मी मान हलवली, तशी ती उठली, पिशवीतली लुगडी काढून कपाटात लावली आणि रिकामी पिशवी मला बाजारासाठी दिली.

तिने मला एका शब्दानेही टोचलं नाही. याची फेड माझ्याकडून व्हायची नाही. काशीगावचं नाव ती आता काढते ते कुणाच्या हळदीला जायचं असलं की, आणि तेव्हाही दुसऱ्या दिवशी दुपारच्या आत घ्यायला ये म्हणून बजावते.