बाबली म्हणजेच परशुराम

मालवणजवळच्या कट्टा गावच्या बाजारात बाबली गावड्याची जुनी शेव्हरले उभी राहिली की माणसं गाडी बघत नसत, तिच्या नाकावरचा पितळी बिल्ला बघत. ताटलीएवढा गोल, मधे मोटारीचं चाक आणि भोवती इंग्रजी अक्षरं. मुंबईच्या एका मोटार क्लबाचा तो बिल्ला. गाडीचा रंग उडाला होता, मागचं दार सुंभाने बांधलेलं होतं, पण बिल्ला मात्र देवाच्या समईसारखा लखलखीत. बाबलीची बायको जानकी दर सोमवारी तो कोकमाच्या सोलांच्या पाण्याने घासायची आणि घासता घासता नवऱ्याला दोन शब्द ऐकवायची.

"वर्साक वर्गणी धाडतंस ती कित्याक रे? ह्या पितळेक जेवक घालूक?"

"बांद्याच्या नाक्यावरचो पोलीस ह्या पितळेक सलाम मारता," बाबली म्हणायचा. "माका कोण मारता?"

खरं कारण निराळं होतं. तरुणपणी बाबली मुंबईत भाई वकिलांची गाडी चालवायचा. भाई भला माणूस. पन्नास साली बाबलीने गावाला परतायचं ठरवलं तेव्हा त्यांनी आपली जुनी शेव्हरले त्याला जवळजवळ फुकट दिली आणि स्वतः क्लबात नेऊन सभासद करून घेतलं. "तू आता ड्रायव्हर नाहीस बाबली, मालक झालास," असं म्हणाले. पुढे भाई वारले, पण वर्गणीची मनीऑर्डर बाबलीने एकदाही चुकवली नाही. ती मनीऑर्डर भाईंनाच जाते, असं त्याला आपलं वाटायचं.

गावाकडे परत आल्यावर त्या गाडीने काय नाही वाहिलं! नवऱ्या मुली वाहिल्या, मालवणच्या दवाखान्यात न्यायची बाळंतीण वाहिली, बांद्याच्या बाजाराला जाणारे व्यापारी वाहिले. पाच माणसांच्या जागेत नऊ बसत आणि दहावा पायदानावर उभा राहून मागचं दार धरी.

एकसष्ट सालच्या चैत्रात कसालच्या चढावर गाडीने अंग टाकलं. कुडाळच्या मेस्त्रीने खाली वाकून पाहिलं आणि हात पुसत म्हटलं, "बाबल्या, हिचो कणोच मोडलो. आता हिका आराम दी."

भाड्याच्या गाडीला परमिट लागतं. पावसाच्या आत दुसरी गाडी कचेरीत दाखवली नाही तर परमिट जाणार होतं. परमिट गेलं की बाबलीने पुन्हा मुंबई गाठून कोणा शेटची गाडी चालवायची. वयाच्या त्रेचाळिसाव्या वर्षी पुन्हा दुसऱ्याची टोपी डोक्यावर! तीन दिवस तो जेवला नाही. जेवणावर रुसणारा माणूस नव्हता तो. आणि नवी गाडी म्हणजे नुसत्या पैशाची गोष्ट नव्हती, त्या काळी नंबर लावून वर्षानुवर्षं बसावं लागे.

चौथ्या दिवशी क्लबाचं पत्र आलं. दहा वर्षं सलग सभासद असलेल्यांना नव्या अँबॅसेडरच्या किमतीत सूट, आणि यादीत पुढचा नंबर. मुदत मे महिन्याच्या दुसऱ्या शनिवारपर्यंत. पोस्टमास्तरांनी पत्र दोनदा वाचून दाखवलं. बाबलीने घरी येऊन ते गाडीवरून काढून आणलेल्या बिल्ल्यासमोर ठेवलं आणि हात जोडले. जानकीने हातातल्या पाटल्या काढल्या. त्यात कलमांच्या आंब्याचा आगाऊ पैसा आणि मोडीत निघालेल्या शेव्हरलेचे आले तेवढे घातले. सूट मिळाली तर पुरणार होतं, नाहीतर नाही.

मालवणच्या बंदरात पडावातून बोटीवर चढताना जानकीने त्याच्या हातात बिल्ला दिला, फडक्यात गुंडाळून.

"ह्यो कित्याक?"

"आसांदे. तुका कोण वळाकणत नाय, ह्येका तरी वळाकतीत."

ती थट्टेत बोलली, पण पुढे तसंच झालं.

क्लबाची कचेरी फोर्टात, गुळगुळीत जिन्यावर. सेक्रेटरी वयस्क गृहस्थ, चष्म्यावरून बघणारे. बाबली कचेरीतली मराठी बोलायला लागला, शब्दाशब्दाला ठेचकाळत. सेक्रेटरींनी त्याचं कार्ड पाहिलं, वर्गण्या पाहिल्या, खूश झाले. मग लायसन मागितलं, परमिट मागितलं, आणि त्यांची भुवई वर गेली.

"सभासद आहेत बाबली गोविंद गावडे. लायसन आणि परमिट परशुराम गोविंद गावडे यांचं. हे परशुराम कोण?"

"मीच."

"आणि बाबली?"

"तो पण मीच, साहेब."

आमच्या मुलखात माणसाला दोन नावं असतात. एक शाळेच्या दाखल्यावर चढतं आणि तिथंच राहतं. दुसरं आई हाक मारते ते, आणि माणूस शेवटपर्यंत त्याच नावाने जगतो. सरकारी कचेरीत कागदाचं नाव सांगायचं, माणसांत घरचं, हे कोणी शिकवावं लागत नाही. म्हणून लायसन काढताना साहेबासमोर बाबलीने परशुराम सांगितलं होतं. पण क्लबाच्या फॉर्मवर नाव विचारलं तेव्हा बाजूला भाई उभे होते, त्यांचा हात खांद्यावर होता. ते काय सरकार होतं? ती माणसं होती. त्याने सांगून टाकलं, बाबली.

"तुमचा भाऊ असेल हा," सेक्रेटरी म्हणाले. वाईट नव्हते, पण नियमाचे पक्के होते. "भावाचं कार्ड घेऊन आलेले दोघेजण मी याच आठवड्यात परत पाठवले. दोन्ही नावं एकाच माणसाची असं शपथेवर सांगणारा कोणी आणा. शनिवारपर्यंत."

भाई असते तर एका ओळीत काम झालं असतं. बाबली जिना उतरला. शाळेचा दाखला वाळवीने खाल्ला होता, आणि गावाला पत्र जाऊन येईपर्यंत शनिवार उलटला असता.

कट्ट्याची माणसं लालबागेत एका खोलीत राहत. गिरणीत कामाला जात आणि शेजारच्या नर्मदेच्या खानावळीत जेवत. नर्मदा बाबलीच्याच वाडीतली, नवऱ्यामागे हिमतीने खानावळ चालवणारी. बाबलीचा मुक्कामही त्या खोलीतच होता. पहिल्या पाळीहून आलेल्या त्यांच्यातल्या लवूने सगळं ऐकलं आणि छाती ठोकली.

"एक कित्याक, पाच साक्षीदार हाडतंय! सगळ्यांका सांगतंय, तू म्हणजे तूच."

दुसऱ्या दिवशी पाळी बुडवून पाच गडी स्वच्छ सदरे घालून क्लबाच्या बाकावर ओळीने बसले. सेक्रेटरींनी बाबलीकडे बोट केलं. "या गृहस्थांचं नाव?"

"बाबली!" पाचांनी एकदम सांगितलं. छत हललं.

"छान. आणि परशुराम?"

पाचही जण एकमेकांकडे बघू लागले. ज्याच्यासोबत विटीदांडू खेळले, ज्याच्या गाडीच्या पायदानावर लटकले, त्याचं कागदावरचं नाव त्यांनी जन्मात ऐकलं नव्हतं. लवूने डोकं खाजवलं.

"परशुराम ना साहेब? तो चिपळुणाक. डोंगरार देऊळ आसा तेचा."

सेक्रेटरी हसले नाहीत. त्यांनी फाईल मिटली. आता त्यांचा संशय पक्का झाला होता.

सहाही जण लालबागेत परतले. खानावळीत बाबलीसमोर भात आला, त्यावर तिवळ, म्हणजे सोलांचं सार आलं, तो नुसता बोटं फिरवत बसला.

"आमका कदी सांगूक नको?" लवू उलट त्याच्यावरच चिडला. "इतकी वर्सां आमच्यापासून नाव चोरून ठेवलंस!"

"तुजा खरा नाव काय रे, लवू?" बाबलीने विचारलं.

"माजा? माजा लक्ष्मण."

"माका तरी खंय ठावक होता?"

हे ऐकून चुलीपाशी बसलेली नर्मदा पळी हातात घेऊन दारात आली. "कोणाच्या नावाचा काय झाला?"

लवूने तिला सगळं सांगितलं. नर्मदेने पळी कमरेवर टेकवली.

"मेल्यांनो, माका कोणी इचारल्यात? बाबलीदादाचा नाव परशुराम. ता माका ठावक नाय तर कोणाक?"

"तुका कसा?"

"तेच्या लग्नाक दार कोणी अडवल्यान?"

बाबलीला आपलं लग्न आठवलं. त्याला सख्खी बहीण नव्हती. वरात दारात आली तेव्हा बहिणीच्या जागी शेजारची नर्मदा दार अडवून उभी राहिली होती, तेरा-चौदा वर्षांची, परकराचा ओचा खोचून. नवरीने नवऱ्याचं नाव घेतल्याशिवाय उंबरा ओलांडायचा नाही. जानकीने लाजत लाजत घाईत 'बाबली' म्हटलं होतं. नर्मदा जागची हलली नव्हती. "बाबली तर माजी शेळी पण म्हणता. खऱ्या नावान घे!" तिथे कुजबूज झाली, म्हाताऱ्या सासऱ्याने नवरीला कानात नाव सांगितलं, आणि मग कुठे जानकी घरात आली. लवू आणि बाकीचे तेव्हा मुंबईत होते.

"तिणा घेतललो उखाणो अजून पाठ आसा माका," नर्मदा म्हणाली. "आता गुमान जेव. उद्या मी येतंय."

शनिवारी सकाळी तिने खानावळीला कडी लावली. अशी ती गणपतीतसुद्धा लावत नसे. इरकली लुगडं नेसली, केसात अबोलीचा वळेसर माळला आणि क्लबाच्या खुर्चीत अशी बसली जशी काही ती खुर्ची तिनेच त्यांना उसनी दिली होती.

"बाई, तुम्ही या गृहस्थांना किती वर्षं ओळखता?"

"माज्या जन्मापासून," ती म्हणाली. "म्हणजे, जन्मापासून ओळखते. हा बाबली. आणि हाच परशुराम."

"कशावरून?"

नर्मदेने कचेरीतली मराठी उभी केली होती ती तिथेच सोडून दिली. दार कसं अडवलं, जानकी काय म्हणाली, आपण काय म्हटलं, सगळं हातवारे करून सांगितलं, आणि दोन टाइपिस्ट बायका, शिपाई आणि सेक्रेटरी यांच्यासमोर खडखडीत आवाजात उखाणा म्हटला:

"सोलांची कडी केलंय, वायच घातलंय मीठ,
परशुरामाचा नाव घेतंय, आता वाट सोड नीट!"

"वाट कोणी सोडूची? मी. मी हलूकच नाय होतंय. म्हणान सांगतंय साहेब, ह्या नाव तिच्या तोंडातसून मी काडून घेतलंय. घोवाचा नाव कोण बायल उगाच खोटा घेयत?"

सेक्रेटरींनी चष्मा काढला. ते हळूच म्हणाले, "आमच्या घरीसुद्धा बहिणीनेच दार अडवलं होतं." त्यांनी कागद मागवला, नर्मदेचं म्हणणं स्वतःच्या हाताने लिहिलं, आणि तिचा अंगठा घेतला. मग बाबलीचं कार्ड ओढून बाबलीच्या आधी दोन शब्द घातले: परशुराम ऊर्फ बाबली.

 बाबलीने फडक्यातून बिल्ला काढला आणि मेजावर ठेवला. "हा जुन्या गाडीचा. नव्या गाडीवर लावला तर चालेल?"

"तोच लावा," सेक्रेटरी म्हणाले. "इतका घासलेला बिल्ला मी आजवर पाहिलेला नाही."

आठ दिवसांत गाडी हातात आली. निघताना बाबली खानावळीसमोर थांबला आणि पुढचं दार उघडलं. नर्मदेला बोट लागायची, एसटी लागायची, त्यापायी सात वर्षं ती गावाला गेली नव्हती.

"खानावळ कोण बघतलो?"

"लवू बघात. तेका भात शिजवूक येता. परशुराम खंय ता तेवडा ठावक नाय."

"तुज्या तोंडात माती!" लवू ओरडला, आणि नर्मदेची ट्रंक डोक्यावर घेऊन आला.

कोल्हापूरला परमिटाच्या कचेरीत गाडी दाखवून फोंडाघाट उतरले तेव्हा खालून करवंदांचा वास आला. नर्मदेला काही लागलं नाही. ती सबंध वाट बोलत होती आणि बाबली ऐकत होता. मधेच तो म्हणाला, "नर्मदा, तुजे उपकार मी..." ती म्हणाली, "फुडे बघून चालव."

कट्ट्याला गाडी देवळासमोर उभी राहिली. गावातले जाणते दाजी नारळ घेऊन पुढे आले. गाऱ्हाणं घालायचं तर देवाला नाव सांगावं लागतं. दाजींनी डोळे मिटले आणि आवाज लावला, "बा देवा म्हाराजा, आज ह्या तुज्या लेकरान..." आणि थांबले. "बाबल्या, खरा नाव काय रे तुजा?"

"परशुराम!" नर्मदा गाडीतून ओरडली.

"ह्या परशुराम ऊर्फ काय ता, आमच्या बाबल्यान, नवी गाडी हाडल्यान हा, तिका घाटार, चढार, वळणार सांभाळ रे म्हाराजा!"

"व्हय म्हाराजा!" सगळा गाव म्हणाला.

नारळ फुटला. जानकी पदराने डोळे पुसत गाडीकडे आली. पाटल्यांविना तिचे हात मोकळे दिसत होते, आणि बाबलीने त्या हातांकडे पाहून मान खाली घातली. तिने आधी वाकून बिल्ल्यावरची घाटातली धूळ पदराने पुसली, मग दाराला हात लावला. दार उघडेना. आत बसलेल्या नर्मदेने ते आतून धरून ठेवलं होतं.

"नाव घे. मगे बस."

"गो नर्मदे, म्हातारी जावक इलंय मी!"

"तेव्हा पण हेच सोंग केललंस. घे नाव."

गाव हसू लागला. जानकीने एकदा नवऱ्याकडे पाहिलं, एकदा बिल्ल्याकडे, आणि या खेपेला कोणी कानात सांगावं लागलं नाही:

"अकरा वर्सां बिल्लो घासलंय, तेची झाली गाडी,
परशुरामाचा नाव घेतंय, नर्मदा, कर कडी उघडी!"

दार उघडलं. मग दोघींची नवीच भांडणं लागली. नर्मदा म्हणे, मालकिणीने पुढे बसायचं. जानकी म्हणे, पुढची जागा तुझी, तुझ्यामुळे गाडी आली, मी मागे बसते.

बाबली चाकामागे बसला आणि पुढच्या लांब बाकावर हाताने थापटलं.

"दोगीय हंय बसा गो. ही गाडी रुंद आसा."

त्या बसल्या. जानकी मधे, नर्मदा दाराशी. बाबलीने गाडी सुरू केली आणि मालवणच्या रस्त्याला घातली.