कार्यक्रमापुरते हातमोजे

इस्पितळाच्या धुलाईखान्यात तिला सगळेच वहिनी म्हणत. नणंद तिथे आधी लागली होती. तिने पहिल्याच दिवशी "वहिनी, इकडे ये" अशी हाक मारली आणि तेच नाव चिकटलं. बॉयलरवाल्यापासून मोठ्या डॉक्टरांपर्यंत ती साऱ्या जगाची वहिनी झाली.

काम विचारू नये असलं. रक्ताने कडक झालेल्या चादरी, ओकलेल्या उशा, पू लागलेली फडकी. वहिनीला त्याची कधी किळस आली नाही. "आजारी माणसाची घाण ती, त्याने काय मुद्दाम केली?" म्हणायची आणि गाठोडं सोडायची.

तिला किळस आली ती कवितेची.

देशाचा स्वातंत्र्यदिन होता. इस्पितळाच्या व्यवस्थापक साहेबांनी कामकऱ्यांवर कविता रचली होती आणि ती ऐकवताना धुलाईवाल्या बायका मंचावर उभ्या करायच्या होत्या. आदल्या दिवशी फोटोवाला आला. वहिनीचे हात पाहून त्याने तोंड वाकडं केलं. सोड्याने कातडी सोललेली, पेरापेराला भेगा. "हे फोटोत नको," तो म्हणाला. तासाभरात भांडारातून कोरे करकरीत रबरी हातमोजे आले. तेच मागून मागून वहिनीची जीभ झिजली होती, आणि भांडारवाल्याचं एकच पालुपद होतं: "शिल्लक नाहीत."

कार्यक्रमात साहेबांनी आवाज चढवला:

"तुझ्या हातांवरचा फेस, हेच देशाचे तेज,
तुझी धवल चादर, मातृभूमीची शेज!"

टाळ्या पडल्या. पुढच्या कडव्यांत वहिनीचे हात कमळं झाले, घाम मोती झाला, पाठ पर्वत झाली. एका बाईत किती कोंबायचं! हेच साहेब परवा धुलाईखान्याच्या दारात नाकाला रुमाल लावून "लवकर बोला" म्हणाले होते. शेजारी नणंद मात्र घळाघळा रडत होती.

मंचावरून उतरतात न उतरतात तोच भांडारवाला खोका घेऊन उभा.

"हातमोजे जमा करा."

बाकीच्यांनी काढून दिले. वहिनीने हात पाठीमागे घेतले.

"अहो, ते कार्यक्रमापुरते होते."

"मग उद्यापासून चादरी कोण धुणार, कमळं?"

साहेब पुढे आले. "वहिनी, आज देशाचा दिवस आहे. आज तरी तमाशा नको."

"साहेब, तुमची कविता परत घ्या. हातमोजे राहू द्या."

हातमोजे राहिले. चार दिवसांनी शिस्तभंगाची नोटीस आली.

नणंद घरी भडकली. "चारचौघांत शोभा केलीस! जन्मात पहिल्यांदा कुणी आपल्यावर दोन ओळी लिहिल्या, तुला त्याही गोड लागेनात."

"त्या ओळींनी तुझ्या भेगा भरल्या का?"

"नाही भरल्या. पण बरं वाटलं, वहिनी. बरं वाटायलाही तुला विचारायचं का?"

दोघींचा अबोला झाला. पण मोठ्या चादरीची घडी एकटीला जमत नाही, तेव्हा समोरासमोर उभं राहावंच लागे. एका दुपारी घडी घालताघालता नणंद तेच कडवं गुणगुणू लागली.

वहिनीने चादरीची टोकं जुळवली. मग म्हणाली, "गळा गोड आहे तुझा. ओळी घाणच आहेत."

नणंदेने हिसका देऊन चादर ताठ केली आणि पुढचं कडवं मोठ्याने म्हटलं.